घरोघरच्या प्रार्थना सभेच्या जोडीला वेस्लीची क्लास मीटिंग सुरू करायची आहे, नेमकी कशी बसवायची?

मंडळीसेवक:

सर्वांना प्रभूच्या नावात सलाम.

आमची मराठी मेथडिस्ट मंडळी साधारण साठ कुटुंबांची. दर बुधवारी कोणाच्या तरी घरी प्रार्थना सभा होते. दोन गीतं, शास्त्रपाठ, पाळकसाहेबांचा किंवा पाहुण्या वक्त्याचा पाऊण तासाचा संदेश, यजमान कुटुंबासाठी प्रार्थना, मग नाश्ता. तीस-पस्तीस माणसं जमतात, बोलतो एकच. कोणाची नोकरी गेली, कोणाची दारू पुन्हा सुरू झाली, कोणाच्या घरात महिनाभर अबोला आहे, हे शेजारी बसलेल्यालाही कळत नाही. विचारलं तर "प्रभूच्या कृपेने बरं आहे" एवढंच उत्तर.

मेथडिस्ट जगात सध्या क्लास मीटिंगवर पुन्हा बरंच लिहिलं जातंय. क्लास मीटिंग म्हणजे मेथडिस्ट चळवळीचे संस्थापक, अठराव्या शतकातले इंग्लिश प्रचारक जॉन वेस्ली यांनी रुजवलेली डझनभर सभासदांची बैठक, जिथे लीडर प्रत्येकाच्या आत्मिक जीवनाची विचारपूस करतो. अमेरिकेत 2019 ते 2023 या काळात सात हजारांवर मंडळ्या युनायटेड मेथडिस्ट चर्चमधून बाहेर पडल्या, 2022 मध्ये ग्लोबल मेथडिस्ट चर्च उभं राहिलं. मालमत्ता, मतदान, शिस्तग्रंथाची (चर्चच्या नियमांच्या पुस्तकाची) कलमं यांवर तिकडे रण माजलं. आपली मेथडिस्ट चर्च इन इंडिया 1981 पासून स्वायत्त आहे, त्यामुळे तो वाद आपल्या दारात नाही. पण त्याच चर्चेतला एक मुद्दा आपल्यालाही चिकटतो: सभासदांची यादी आहे, पण एकमेकांच्या आत्मिक जीवनाची चौकशी कोणी करत नाही.

म्हणून क्लास सुरू करायचा विचार आहे. किती माणसं घ्यायची, किती वेळ, काय विचारायचं, लीडर कोण असावा, आणि असे प्रयत्न सहसा कुठे फसतात? चालवून पाहिलेल्यांनी आणि इतिहास जाणणाऱ्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

जुनी_दप्तरं:

क्लास कशातून निघाला ते आधी पाहा, म्हणजे काय धरायचं आणि काय सोडायचं ते ठरवता येईल.

15 फेब्रुवारी 1742, ब्रिस्टल. तिथल्या 'न्यू रूम' या सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज फेडायचं होतं. कॅप्टन फॉय नावाच्या सभासदाने सुचवलं की प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. कोणीतरी म्हणालं, बरेच जण गरीब आहेत, त्यांना तेवढंही झेपणार नाही. फॉय म्हणाले, सगळ्यात गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन, ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी घालीन. बाकीच्यांनीही तसंच करायचं मान्य केलं. अकरा आणि एक, बारा. हा आकडा तिथून आला.

वर्गणीला दारोदार गेलेल्या या लोकांना घरातली भांडणं आणि व्यसनं दिसू लागली. त्यांनी ती वेस्लीच्या कानावर घातली आणि वेस्लीने ओळखलं की सभासदांची काळजी वाहायला हवी होती ती व्यवस्था आपसूक हाती आली आहे. पुढे घरोघर फिरणं बंद करून सर्वांनी एका जागी जमायचं ठरलं. कारणं अगदी व्यवहारी होती. फेऱ्यांत वेळ फार जाई. अनेक जण मालकाच्या घरी राहात, तिथे मालक भेटू देत नसत. दोघांचं म्हणणं परस्परविरोधी असलं तर समोरासमोर बसवल्याशिवाय उलगडा होत नसे.

1743 मध्ये वेस्ली बंधूंनी सर्वसाधारण नियम छापले. तीनच: कोणतंही वाईट करू नका, जमेल तितकं भलं करा, देवाने लावून दिलेल्या कृपेच्या साधनांना (प्रार्थना, वचन, प्रभुभोजन) धरून राहा. प्रवेशाला अट एकच, येणाऱ्या क्रोधापासून पळून पापांतून सुटण्याची इच्छा. पूर्ण विश्वास, पाठ केलेला मतांगीकार (विश्वासाची ठरलेली कबुली) असलं काही दारात मागितलं जात नसे. म्हणून अजून चाचपडणाऱ्या माणसालाही क्लासमध्ये जागा होती. हे विसरू नका. आपल्याकडे क्लास काढला की पहिल्या दिवशी पंचवीस वर्षं मंडळीत असलेलेच बोलावले जातात.

लीडरचं काम त्याच नियमांत लिहिलं आहे: आपल्या क्लासमधल्या प्रत्येकाला आठवड्यातून किमान एकदा भेटणं, त्याच्या जिवाचं कसं चाललंय ते विचारणं, प्रसंग पाहून सल्ला देणं, कानउघाडणी करणं, धीर देणं किंवा उत्तेजन देणं, आणि गरिबांसाठी तो जे देईल ते घेणं. शिवाय आठवड्यातून एकदा पाळक आणि कारभाऱ्यांना भेटून आजारी किंवा ढिले पडलेले कोण ते सांगणं. यात उपदेश कुठेही नाही.

बँड आणि क्लास यांची गल्लत करू नका. बँड जुने, त्यांचे नियम डिसेंबर 1738 चे. ते छोटे गट. पुरुष वेगळे, बायका वेगळ्या, विवाहित वेगळे, अविवाहित वेगळे. तिथले प्रश्न थेट: मागच्या भेटीनंतर जाणूनबुजून कोणतं पाप केलं? कोणते मोह आले? त्यांतून कसे सुटलात? काही केलं-बोललं-मनात आणलं ते पाप की नाही अशी शंका आहे का? लपवून ठेवावंसं काही आहे का? हे प्रश्न याकोब 5:16 वर (एकमेकांजवळ पापं कबूल करा) उभे आहेत आणि ज्यांचा एकमेकांवर विश्वास मुरला आहे त्यांच्यासाठी आहेत. नवा गट जमवून पहिल्याच बैठकीत हे विचारले की दुसऱ्या बैठकीला निम्मे येत नाहीत. क्लास मिश्र असे, वस्तीनुसार असे आणि त्याचा प्रश्न सौम्य असे.

मुंबईशीही याचा धागा आहे. अमेरिकन मेथडिस्ट प्रचारक विल्यम टेलर 1871 च्या अखेरीस मुंबईत आले, तेव्हा सभांतून पुढे आलेल्यांना त्यांनी घराघरांत भरणाऱ्या छोट्या गटांत बांधलं आणि प्रत्येक गटाला लीडर नेमला. मुंबईतलं मेथडिस्ट काम या बैठकांतून उभं राहिलं, इमारती नंतर आल्या.

मग हे मोडलं का? एकोणिसाव्या शतकात गावोगावी कायमचे पाळक बसले, तशी काळजी वाहण्याची जबाबदारी लीडरकडून पाळकाकडे सरकली. संडे स्कूल वाढलं, शिकणं वाढलं, विचारणं कमी झालं. लोक दर आठवड्याला तीच साक्ष त्याच शब्दांत देऊ लागले. अमेरिकेतल्या दक्षिणेकडच्या मेथडिस्टांनी 1866 मध्ये क्लासच्या हजेरीची सक्तीच काढून टाकली. कोरियातल्या मेथडिस्टांनी मात्र घरगुती क्लास आजही चालू ठेवला आहे, परंपरेने शुक्रवारी.

क्लास_लीडर_विदर्भ:

इतिहास वरच्या सरांनी उत्तम सांगितला. मी मांडणी सांगतो.

माणसं सात ते बारा. पाचाखाली गेलं की दोघं गैरहजर असताना बैठक बसत नाही, बारावर गेलं की वेळ पुरत नाही. गणित सरळ आहे: दहा जण, प्रत्येकी पाच मिनिटं, म्हणजे पन्नास. सुरुवातीला एकच गीत, दोन कडवी. मग स्तोत्र 139 च्या शेवटच्या दोन ओव्या आणि छोटी प्रार्थना. मग तीन नियम मोठ्याने वाचायचे. हे सगळं दहा मिनिटांत. शेवटी दहा-बारा मिनिटं एकमेकांसाठी प्रार्थना. साडेसातला सुरू केलं तर पावणेनऊला दार उघडलं पाहिजे. वेळ पाळली नाही तर शाळकरी मुलांच्या आया आणि पहिल्या पाळीचे कामगार सगळ्यात आधी गळतात, आणि मंडळीला तर त्यांचीच सगळ्यात जास्त काळजी घ्यायची असते.

प्रश्न एकच: "मागच्या भेटीपासून देवाबरोबरचं तुमचं चालणं कसं राहिलं?" उत्तर फार गोल आलं तर लीडरने तीन नियमांपैकी एकावर बोट ठेवायचं. कोणाला दुखावलंत का? कोणाचं भलं करायची संधी आली होती का? प्रार्थना आणि वचन कुठे अडलं?

सगळ्यात आधी लीडर बोलतो, आणि तो जितका खरा बोलेल तितकाच गट खरा होतो. "आठवडा आशीर्वादाचा गेला" असं त्याने म्हटलं की उरलेले नऊ जण तेच म्हणणार. उत्तराचा नमुना असा असावा: "मंगळवारी बांधावरून भावाशी बोलणं झालं, माझा आवाज चढला. त्यानंतर दोन दिवस प्रार्थनेला बसावंसं वाटलं नाही. काल त्याला फोन करायचा होता, केला नाही. शनिवारच्या आत करतो." यात दिवस आहे, माणूस आहे, अडलेली जागा आहे आणि पुढचं पाऊल आहे. दोन मिनिटंही लागत नाहीत. पुढच्या बैठकीत कोणीतरी त्याला विचारलं पाहिजे, फोन केला का? हा मागचा धागा उचलणं हाच क्लासचा कणा आहे. त्यासाठी लीडरने घरी गेल्यावर प्रत्येकाची एक ओळ वहीत टिपावी. सर्वांसमोर लिहायला बसू नये, माणसं आखडतात.

बिघडतं ते बहुतेक वेळा सल्ल्यामुळे. एखादी ताई रडत सांगते की मुलगा घर सोडून गेला, आणि लगेच तिघं रोम 8:28 (देव सगळं भल्यासाठीच घडवतो) ऐकवतात. ती पुढच्या वेळी "बरं आहे" म्हणते. म्हणून नियम हवा: दुसऱ्याच्या उत्तरावर फक्त लीडर बोलणार, तेही एक-दोन वाक्यं. बाकीच्यांनी जे म्हणायचं ते शेवटच्या प्रार्थनेत देवाला म्हणावं. आणि प्रार्थनेच्या आडून उपदेश सुरू झाला तर लीडरने नंतर बाजूला घेऊन स्पष्ट सांगावं.

"आज मला नको" म्हणायची मुभा प्रत्येकाला द्या. सलग दोनदा म्हटलं तर लीडरने त्या आठवड्यात घरी जाऊन भेटावं.

हजेरीबद्दल. जुन्या क्लास-बुकांत गैरहजेरीला कारणानुसार वेगवेगळं अक्षर असे: आजारी, दूर, कामधंदा, दुर्लक्ष, कारण अज्ञात. ही पद्धत आजही सोन्यासारखी आहे, कारण अक्षर पाहिलं की पुढचं काम कळतं. आजारी असेल तर भेट आणि औषधाची विचारपूस. कामावर असेल तर बैठकीची वेळ बदलता येते का ते पाहायचं. दुर्लक्ष असेल तर फोन नको, प्रत्यक्ष जायचं. कारण अज्ञात हा शेरा सलग दोन आठवडे राहिला तर तो लीडरचा हलगर्जीपणा समजावा.

पहिल्या दिवसापासून एक सहायक लीडर ठेवा. गट तेराच्या पुढे गेला की दोन करायचे आहेत, हे सुरुवातीलाच सर्वांना सांगून ठेवा. नंतर सांगितलं की लोकांना गट फुटल्यासारखं वाटतं.

महिला_मंडळ_पुणे:

वस्तीनुसार क्लास करा हे ठीक, पण आपल्या मंडळ्यांत वस्ती म्हणजे भावकी असते. सासू, सून आणि नणंद एका खोलीत बसल्या की सून काय बोलणार? नवरा-बायकोचंही तेच. सख्खे नातेवाईक वेगवेगळ्या क्लासमध्ये घाला, मग भले एखाद्याला दोन गल्ल्या जास्त चालावं लागो. सहा-आठ महिन्यांनी विश्वास बसला की त्याच क्लासमधून तीन-चार जणींचा बँड आपोआप तयार होतो. तो बाहेरून लादू नका.

लीडर स्त्री असायला काहीच हरकत नाही. वेस्लीच्या काळी लंडन-ब्रिस्टलमध्ये अनेक क्लास बायकांनी चालवले. आपल्याकडे महिला मंडळात आजारी कोण, बाळंतीण कोण याची खबर आधीच असते, त्यामुळे लीडर शोधायला तिथून सुरुवात करा.

आता गुप्तता. "इथलं इथेच" हे वाक्य दर बैठकीत म्हणायचं, आणि त्याची मर्यादाही त्याच श्वासात सांगायची. मूल धोक्यात असेल, घरात मारहाण होत असेल, कोणी जीव द्यायचं बोलत असेल, तर ते इथेच राहणार नाही. अल्पवयीन मुलावरचा लैंगिक अत्याचार कळला तर पोक्सो कायद्याच्या (2012) कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. आधी चर्च कमिटीत चर्चा करू, मंडळीचं नाव खराब होईल, हे चालत नाही. मुलांसाठी 1098 आणि महिलांसाठी 181 हे क्रमांक लीडरच्या वहीच्या पहिल्या पानावर असावेत. मार खाणाऱ्या बाईला "क्षमा कर, प्रार्थना कर" म्हणून परत पाठवणं हे पहिल्या नियमाच्याच विरुद्ध आहे. क्षमेचा विषय ती सुरक्षित झाल्यावर.

आणि क्लासचा व्हॉट्सॲप ग्रुप काढलात तर तो फक्त वेळ आणि पत्ता कळवायला ठेवा. "अमुक बंधूच्या व्यसनासाठी प्रार्थना करा" असा एक मेसेज पुढे गेला की क्लास संपला. प्रार्थना-विनंती म्हणून चहाडी पसरते, हे प्रत्येक मंडळीला ठाऊक आहे.

हिशेबनीस:

पैशाचा भाग लोक गाळतात. मला तो गाळलेला पटत नाही. क्लास पेनीतून जन्मला आणि नियमांतही गरिबांसाठी घेणं लिहिलेलं आहे. पण आजच्या मंडळीत पैसा आला की संशयही येतो, म्हणून रीत काटेकोर हवी.

झाकणाला फट असलेला डबा, बैठकीच्या शेवटी दाराजवळ. कोणी किती टाकलं ते दिसू नये, नोंदूही नये. दहा रुपये पुरे, काहीच नाही टाकलं तरी चालेल. महिन्यातून एकदा लीडर आणि आणखी एकाने मिळून मोजायचं, दोघांच्या सह्या, रक्कम मंडळीच्या खजिनदाराकडे 'गरीब निधी' म्हणून पावती घेऊन जमा. खर्च फक्त माणसांवर: औषध, शाळेची फी, रेशन. पंखे, माइक, सजावट यांना हात लावायचा नाही. दहा जणांनी दहा-दहा रुपये टाकले तर महिन्याला चारशे होतात. एखाद्या आजीच्या रक्तदाबाच्या गोळ्या त्यात भागतात. डबा दशांशाच्या (मंडळीला द्यायच्या उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या) ऐवजी नाही, हेही स्पष्ट सांगा, नाहीतर रविवारचं दान कमी झाल्याची तक्रार पहिल्याच तिमाहीत कमिटीत येईल.

दुसरी गोष्ट निवडणूक. पास्टोरेट कमिटीच्या (मंडळीचा कारभार पाहणाऱ्या समितीच्या) निवडणुकीआधी क्लास म्हणजे तयार मतपेढी दिसू लागते. नियम करा: जो लीडर आहे तो त्या वर्षी उमेदवार नाही, आणि ज्याला उभं राहायचं आहे त्याने सहा महिने आधी लीडरपद सोडावं. क्लासमध्ये कमिटी, जमीन आणि कोर्टकेस हे तीन विषय बंद. हे कडक वाटेल. पण चर्चच्या जागेचा वाद एकदा आत शिरला की त्या खोलीत जिवाची चौकशी पुन्हा होत नाही.

मंडळीसेवक:

सर्वांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्या. पाळकसाहेबांनी क्लासमध्ये बसायचं का? आणि यजमानांनी नाश्ता न ठेवणं आपल्याकडे अपमानासारखं वाटतं, त्याचं काय करावं? शिवाय आमची आठ-दहा तरुण मुलं दुबई आणि कुवेतला आहेत, त्यांना कसं जोडायचं?

क्लास_लीडर_विदर्भ:

पाळकसाहेब नियमित बसले की सगळ्यांची नजर त्यांच्याकडे जाते आणि उत्तरं उपासनेच्या भाषेत येऊ लागतात. त्यांनी लीडरांचा वेगळा क्लास घ्यावा, महिन्यातून दोनदा तरी, आणि तिथे त्यांनी स्वतःही त्याच प्रश्नाला उत्तर द्यावं. पाळकांची चौकशी करणारं बहुधा कोणीच नसतं. सभासदांच्या क्लासला तिमाहीतून एकदा भेट द्यावी. जुन्या काळी पाळक तिमाहीलाच क्लासमध्ये येऊन प्रत्येकाशी बोलत आणि सभासदत्वाची तिकिटं देत. तिकीट आज परत आणू नका. ते शिस्तीचं साधन होतं, ज्याला मिळालं नाही तो बाहेर. आपल्या छोट्या गावांत त्यातून फक्त मानापमान उरेल.

नाश्त्याचा प्रश्न टाळायचा तर क्लासची जागाच फिरती ठेवू नका. फिरत्या घरांमुळे चढाओढ लागते, एकीकडे पोहे झाले की दुसरीकडे वडे आणि गोड, आणि ज्याच्या घरी परवडत नाही तो आपली पाळी टाळता टाळता यायचाच बंद होतो. एकच घर धरा, शक्यतो तळमजल्यावरचं, म्हणजे गुडघेदुखीवाल्यांनाही येता येईल. बैठक संपल्यावर चहा, एवढंच. बुधवारची प्रार्थना सभा आणि तिचा पाहुणचार तसाच चालू राहू द्या, म्हणजे कोणाचं मन मोडणार नाही.

आखाती_मराठी:

परदेशातल्यांना गावच्या क्लासला व्हिडिओवर जोडू नका. खोलीत नऊ आणि पडद्यावर एक, तो एक कायम प्रेक्षकच राहतो. त्यांचा स्वतंत्र क्लास करा, सहा जणांचा. झूमवर फुकटची बैठक 40 मिनिटांत तुटते. सहा गुणिले पाच म्हणजे तीस, उरलेल्या दहात सुरुवात-शेवट. गुगल मीटवर गटाला एक तास मिळतो. दुबई आपल्यापेक्षा दीड तास मागे, कुवेत अडीच. कुवेतला शुक्रवारी सुट्टी, दुबईत आता शनिवार-रविवार, म्हणून शुक्रवारची रात्र दोघांना जमते. तिथे नऊ आणि आठ वाजलेले असतील तेव्हा गावाकडे साडेदहा, म्हणजे लीडर शक्यतो तिकडचाच निवडा.

मुलं एका खोलीत चार-चार राहतात. हेडफोन असला तरी बोललेलं रूममेटला ऐकू जातंच. त्यामुळे गच्चीवर किंवा बाहेर फिरत फोनवरून बोलायची सवलत द्या, कॅमेरा बंद चालेल. रेकॉर्डिंग कधीही नाही.

जुनी_दप्तरं:

एक पुरवणी. साठ कुटुंबांचे पाच-सहा क्लास एकदम काढू नका, तितके लीडर तुमच्याकडे आज नाहीत. जे सहा-सात जण लीडर होऊ शकतील त्यांचाच एक क्लास आधी दोन-तीन महिने चालवा. ज्याला तिथे स्वतःबद्दल खरं बोलता येत नाही तो कितीही उत्तम वक्ता असला तरी लीडर नेमू नका.

ईस्टरआधीच्या उपवासकाळात सुरुवात करायचा मोह होतो, तो टाळा. लोक त्याला चाळीस दिवसांचा कार्यक्रम समजतात आणि ईस्टरनंतर येत नाहीत. नव्या वर्षाची पहिली उपासना त्याला अधिक योग्य. वेस्लीने 1755 मध्ये लंडनला करार-नूतनीकरणाची (देवाशी केलेला करार सर्वांनी मिळून नव्याने करण्याची) पहिली मोठी उपासना घेतली होती, पुढे मेथडिस्टांनी ती वर्षारंभाला बांधली. 31 डिसेंबरच्या रात्री चर्च भरलेलं असतंच. पहिल्या रविवारी करार घ्या, दाराशी क्लासची नोंदवही ठेवा आणि त्याच आठवड्यात पहिली बैठक लावा. म्हणजे लीडरांचा क्लास तुम्हाला ऑक्टोबरपर्यंत सुरू करावा लागेल.